जहाजावर जखमी झालेल्या नाविकाने अपंगत्वाची भरपाई कशी मागावी

नवी मुंबई परिसरात वाशी, नेरूळ, सीवूड्सपासून खारघर, उलवे आणि उरणपर्यंत जहाजावर नोकरी करणाऱ्यांची घरे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांना जहाजावर पाठवणाऱ्या भरती कंपन्यांची कार्यालयेही सीबीडी बेलापूर आणि आसपासच्या भागात दाटीने आढळतात. त्यामुळे जखमी नाविक आणि त्याला कामावर पाठवणारा प्रतिनिधी यांच्यात बहुधा लोकलच्या चार-पाच स्थानकांचेच अंतर असते. जहाजाचा ध्वज मात्र पनामाचा, मालक ग्रीसमधला आणि विमा उतरवणारी संस्था लंडनमधली असू शकते. दाव्यातला गोंधळ बराचसा या विखुरलेपणातून येतो. तरीही असे वाद पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसते. निकाल कोणत्याही न्यायालयात लागो, त्याचा पाया अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तयार झालेल्या कागदांत आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन-तीन वाक्यांत घातलेला असतो. म्हणून पुढील मार्गदर्शनात वकिलाकडे जाण्याआधीच्या टप्प्यांवर अधिक भर दिला आहे.

येथे नाविक या शब्दात खलाशी, मोटरमन, स्वयंपाकी यांच्यापासून अधिकाऱ्यांपर्यंत व्यापारी जहाजावरचे सर्वजण धरले आहेत. मासेमारी नौकांवरील कामगारांना यातील आंतरराष्ट्रीय तरतुदी लागू होत नाहीत.

हक्क कोठून येतो

भरपाईचा हक्क तीन ठिकाणांहून येतो, आणि तिन्हींची रक्कम, मुदत व पुरावा वेगवेगळा असतो.

पहिले ठिकाण म्हणजे नाविकाने सही केलेला रोजगार करार आणि त्याला जोडलेला सामूहिक करार. रोजगार करार अनेकदा दोनच पानांचा असतो आणि त्यात अपंगत्वाविषयी ‘सामूहिक करारानुसार’ एवढेच लिहिलेले असते. खरा मजकूर त्या सामूहिक करारात असतो. नुसी (नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया), मेरीटाइम युनियन ऑफ इंडिया यांसारख्या नाविकांच्या संघटना आणि मालकांच्या संघटना यांच्यात हे करार होतात आणि त्यांतील रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून अपघाताच्या तारखेला लागू असलेली प्रतच मिळवावी. ज्या जहाजावर आयटीएफच्या, म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, धर्तीचा करार आहे, तेथे अपंगत्वाची रक्कम डॉलरमध्ये आणि टक्केवारीच्या तक्त्यानुसार ठरते. अशा करारांत सहसा आणखी एक महत्त्वाचे कलम असते: अपंगत्व ५० टक्के किंवा त्याहून अधिक ठरले, तर नाविक समुद्रावरील नोकरीसाठी कायमचा अपात्र मानला जातो आणि त्याला पूर्ण, म्हणजे १०० टक्के रक्कम मिळते. टक्केवारी ५० पेक्षा कमी असली तरी डॉक्टरांनी ‘कोणत्याही पदावर समुद्रसेवेस कायमचा अपात्र’ असे प्रमाणित केले, तरीही पूर्ण रक्कम देय होते. हे कलम अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते, आणि कंपनी ते आपणहून दाखवील अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरे ठिकाण म्हणजे सागरी श्रम करार, २००६. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा हा करार २० ऑगस्ट २०१३ पासून जगात लागू झाला. भारताने त्याला ९ ऑक्टोबर २०१५ रोजी मान्यता दिली आणि एका वर्षानंतर तो भारतासाठी अमलात आला. त्यानुसार जहाजमालकाने जखमी वा आजारी नाविकाचा उपचार तो बरा होईपर्यंत किंवा त्याचे अपंगत्व कायमचे असल्याचे ठरेपर्यंत करायचा असतो. देशाच्या कायद्याने ही जबाबदारी मर्यादित करता येते, पण ती १६ आठवड्यांपेक्षा, म्हणजे ११२ दिवसांपेक्षा कमी ठेवता येत नाही. वेतनाचेही तसेच आहे: जहाजावर असेपर्यंत किंवा मायदेशी पाठवेपर्यंत पूर्ण वेतन, आणि त्यानंतर कायद्यात वा सामूहिक करारात ठरेल त्याप्रमाणे पूर्ण किंवा अंशतः वेतन, किमान १६ आठवडे. १८ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे यात मोठी भर पडली. दीर्घकालीन अपंगत्वाची नाविकाच्या करारातील रक्कम देण्यासाठी मालकाजवळ विमा किंवा तत्सम आर्थिक हमी असणे, आणि त्या हमीचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावलेले असणे बंधनकारक झाले. त्याच दुरुस्तीत असेही म्हटले आहे की करारातील पूर्ण रक्कम विनाविलंब द्यावी, त्याहून कमी रक्कम स्वीकारण्यासाठी नाविकावर दबाव आणू नये, आणि अपंगत्वाचे स्वरूप ठरण्यास वेळ लागत असेल तर त्याची हलाखी होऊ नये म्हणून अंतरिम रक्कम द्यावी.

तिसरे ठिकाण म्हणजे भारतीय भरपाई कायदा. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ मध्ये जहाजाचे कप्तान आणि नाविक यांचा स्पष्ट समावेश होता. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्यावर त्या कायद्यातील विषय संहितेच्या सातव्या प्रकरणात गेला. अपघात त्याआधीचा असेल तर दावा बहुधा जुन्या कायद्याच्या आधारेच चालतो, त्यामुळे अर्जात अपघाताची तारीख आणि कायद्याचे नाव यांची सांगड नीट घालावी. या मार्गात चूक कोणाची होती हे सिद्ध करावे लागत नाही; काम करत असताना आणि कामामुळे इजा झाली एवढे दाखवणे पुरते.

कायद्याची रक्कम करारातील रकमेच्या तुलनेत बहुतेकदा लहान असते, कारण पगार डॉलरमध्ये कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. ३५ वर्षांच्या नाविकाचे उदाहरण घेऊ. कायम आणि पूर्ण अपंगत्वासाठी वेतनाच्या ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, आणि त्या वयाचा गुणक १९७.०६, गुणाकार १७,७३,५४० रुपये होतो. कमाईची क्षमता ४० टक्के घटली असे ठरले, तर रक्कम ७,०९,४१६ रुपये. करार अस्तित्वात नाही, तो लागू होत नाही किंवा मालक बेपत्ता आहे, अशा वेळी हाच मार्ग हाताशी राहतो. म्हणून तो क्षुल्लक समजून सोडून देऊ नये.

जहाजावर असतानाच

अपघात झाल्यावर पहिली नोंद जहाजाच्या लॉगबुकात आणि अपघात अहवालात होते. नाविकाने शुद्धीवर असल्यास आपला जबाब स्वतःच्या शब्दांत द्यावा आणि त्याची प्रत मागावी. जबाबात इजा कोणत्या अवयवाला झाली यापेक्षा ती कशी झाली हे अधिक महत्त्वाचे असते. ‘पाठ दुखू लागली’ या वाक्याने दावा निम्मा संपतो. ‘मूरिंगच्या वेळी विंचवरचा दोर अचानक ताणला गेला, पाय घसरला आणि कंबर बोलार्डवर आपटली’ या वाक्याने तो उभा राहतो. जे घडले तेच लिहावे, पण ते संपूर्ण लिहावे. पाळीत बरोबर असलेल्यांची नावे, वेळ, हवामान आणि कामाचा परवाना दिला होता की नाही, हेही त्यात यावे.

बंदरात जहाज लागल्यावर डॉक्टरांकडे नेण्याची मागणी करण्याचा हक्क सागरी श्रम कराराने दिलेला आहे. ‘पुढच्या बंदरात बघू’ असे उत्तर मिळाल्यास मागणी लेखी, निदान ई-मेलने किंवा संदेशाने करावी. परदेशी रुग्णालयातील पहिला अहवाल हा पुढे सर्वांत वजनदार कागद ठरतो, कारण तो वाद सुरू होण्यापूर्वीचा असतो. म्हणून तेथील डॉक्टरांनाही अपघात कसा झाला हे सांगून ते अहवालात लिहून घ्यावे. भाषेची अडचण असल्यास दोन ओळी इंग्रजीत लिहून हाती द्याव्यात.

जहाज सोडण्यापूर्वी फोनमध्ये काही छायाचित्रे अवश्य घ्यावीत. अपघाताची जागा, यंत्र किंवा दोर, लॉगबुकातील नोंद पाहायला मिळाल्यास ती नोंद, आणि भिंतीवर लावलेले आर्थिक हमीचे प्रमाणपत्र. या प्रमाणपत्रावर विमा देणाऱ्या संस्थेचे, बहुधा एखाद्या पी अँड आय क्लबचे (जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थेचे), नाव आणि संपर्क असतो. पुढे कंपनीने फोन उचलणे बंद केले तर दावा थेट त्या संस्थेकडे पाठवता येतो, आणि त्यासाठी हा एकच फोटो पुरतो. संदेश आणि छायाचित्रे ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नये किंवा पुसून टाकू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ उपकरण जवळ असले की ते देणे सोपे जाते.

घरी परतल्यावर

मुंबई विमानतळावर उतरल्यापासून घड्याळ चालू होते. ज्या दिवशी परत आलात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरती कंपनीला ई-मेल करून परत आल्याचे, दुखणे चालू असल्याचे आणि तपासणीसाठी तयार असल्याचे कळवावे. कंपनीने ठरवलेल्या डॉक्टरांकडे जाण्यास नकार देणे ही या टप्प्यावरची सर्वांत महागडी चूक असते. भरपाई कायद्यात मालकाने दिलेली मोफत तपासणी नाकारल्यास हक्क स्थगित होण्याची तरतूद आहे. कंपनीच्या डॉक्टरांकडे जावे, प्रत्येक भेटीची लेखी नोंद मागावी, आणि त्याच काळात आपल्या पैशाने एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांचेही मत घ्यावे. तज्ज्ञ म्हणजे इजेच्या विषयातला तज्ज्ञ. हाताच्या नसेच्या दुखापतीवर जवळच्या जनरल प्रॅक्टिशनरचे पत्र आणल्यास त्याला फारसे वजन मिळत नाही.

डॉक्टरांनी नुसते ‘विश्रांती घ्यावी’ असे लिहिणे पुरेसे नाही. त्यांच्याकडून नेमके निदान, ते अपघाताशी सुसंगत आहे का, पुढील उपचारांनी किती सुधारणा अपेक्षित आहे, स्थिती कायमची ठरली आहे का, आणि रुग्ण आपल्या पदाच्या किंवा कोणत्याही पदाच्या समुद्रसेवेस पात्र आहे का, हे प्रश्न विचारून लेखी उत्तरे घ्यावीत. शेवटचे उत्तर देण्यास सर्वसाधारण शल्यचिकित्सक कचरतात, कारण जहाजावरचे काम त्यांना माहीत नसते. त्यांना पदाच्या कामांची यादी दाखवावी. शिडीने मास्टवर चढणे, पंपरूममध्ये उतरणे, डुलत्या डेकवर वजन उचलणे हे वाचल्यावर मत देणे त्यांना सोपे जाते. नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय परीक्षकाकडून अपात्रतेचे प्रमाणपत्र मिळाल्यास ते अधिक चांगले.

कंपनीचे डॉक्टर ‘पात्र’ म्हणतात आणि आपले डॉक्टर ‘अपात्र’ म्हणतात, असे झाल्यास आयटीएफच्या धर्तीच्या करारात तिसऱ्या डॉक्टरांची वाट असते. कंपनी आणि संघटना मिळून तो डॉक्टर निवडतात आणि त्याचे मत दोघांवर बंधनकारक असते. ही निवड लेखी मागावी, आणि निवडलेल्या डॉक्टरांना दोन्ही बाजूंची सर्व कागदपत्रे पोहोचली आहेत ना, हे स्वतः तपासावे. कंपनीने ‘पात्र’ ठरवूनही पुन्हा जहाजावर घेतले नाही, असे वरचेवर घडते. त्यावर एक साधा उपाय आहे: ‘आपल्या डॉक्टरांनी मला पात्र ठरवले आहे, तर मला पुढील नियुक्ती कधी देता’ असे सरळ विचारावे. नियुक्ती मिळत नाही, किंवा कंपनीचीच भरतीपूर्व तपासणी नाविकाला परत पाठवते, तेव्हा तो पत्रव्यवहार पुराव्याचे काम करतो. याउलट, दावा चालू असताना दुसऱ्या एजंटकडून ‘फिट’ प्रमाणपत्र घेऊन जहाजावर गेल्यास दावा टिकणे कठीण होते.

एक सावधगिरी येथेच सांगायला हवी. इंटरनेटवर शोधले की ‘१२० दिवसांत डॉक्टरांनी निर्णय दिला नाही तर पूर्ण अपंगत्व’ असा नियम वारंवार वाचायला मिळतो. तो नियम, तसाच मायदेशी परतल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कंपनीच्या डॉक्टरांकडे हजर होण्याचा नियम, फिलिपिन्सच्या प्रमाण करारातील आणि तेथील न्यायालयांच्या निवाड्यांतील आहे. तेथे ही मुदत २४० दिवसांपर्यंत वाढू शकते आणि त्यावर भरपूर निकाल आहेत. ते सर्व फिलिपिनी नाविकांना लागू होतात. आपल्या करारात तसे कलम असेल तरच त्याचा आधार घ्यावा. मुदतीत हजर होण्याची सवय मात्र कोणत्याही करारात फायद्याचीच ठरते.

तीन टक्केवाऱ्या

वादाचा सर्वांत मोठा गोंधळ टक्केवारीत होतो, कारण एकाच हाताला तीन वेगवेगळ्या टक्केवाऱ्या मिळू शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमधून किंवा अन्य शासकीय मंडळाकडून मिळणारे दिव्यांग प्रमाणपत्र हे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार असते. ते शरीराच्या कार्यहानीचे मोजमाप आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास शासकीय सवलती मिळतात. भरपाई कायद्यातील टक्केवारी ही कमाईच्या क्षमतेची घट असते. तिच्या अनुसूचीत काही इजांचे आकडे ठरलेले आहेत: अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, दुसरा डोळा निरोगी असताना एक डोळा गेल्यास ४० टक्के. अनुसूचीत नसलेल्या इजेसाठी पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने क्षमतेची घट ठरवायची असते. तिसरी टक्केवारी म्हणजे सामूहिक करारातील तक्ता, जो पूर्णपणे कराराचा विषय आहे.

या तिन्हींचा आपापसांत थेट संबंध नसतो. दिव्यांग प्रमाणपत्रावर ३५ टक्के लिहिले आहे म्हणून कंपनीने करारातील ३५ टक्के रक्कम देऊ केली, तर ती मान्य करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. करारातील तक्त्याप्रमाणे टक्केवारी कोणी काढली? आणि नाविक समुद्रसेवेस कायमचा अपात्र आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ३५ हा आकडा वर सांगितलेल्या कलमामुळे गैरलागू ठरू शकतो.

भरपाई कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा निकाल अजूनही मार्गदर्शक आहे. त्यात एका सुताराचा डावा हात कोपराजवळ कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईच्या क्षमतेची घट १०० टक्के धरली गेली आणि न्यायालयाने ती मान्य केली. भरपाई अपघाताच्या तारखेपासून देय होते हेही त्याच निकालात सांगितले. नाविकाच्या बाबतीत हा तर्क तितकाच लागू पडतो. ज्या गुडघ्याने माणूस बेलापूरच्या कार्यालयात खुर्चीवर बसू शकतो, तो गुडघा हॅच कव्हरवर चालण्यासाठी पुरेसा असेलच असे नाही. म्हणून अर्जात ‘अमुक टक्के अपंगत्व’ एवढेच न लिहिता नाविकाचे पद, त्या पदाची शारीरिक कामे आणि त्यांपैकी कोणती आता होत नाहीत, हे सविस्तर मांडावे.

पाठीचे दुखणे, जुने आजार आणि लपवलेली माहिती

हात तुटला तर वाद रकमेचा होतो. पाठ दुखली तर वाद मुळातच होतो. एमआरआयच्या अहवालात ‘डिजनरेटिव्ह’ हा शब्द आला की कंपनी इजा अपघाताने झालेली नसून वयोमानाची झीज आहे असे म्हणते. आणि अनेक सामूहिक करारांत अपंगत्वाची मोठी रक्कम फक्त अपघातासाठी असल्याने हा फरक लाखो रुपयांचा ठरतो. चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांच्या मणक्यात थोडीफार झीज दिसतेच. तेव्हा डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न असा: आधी असलेल्या झिजेवर अपघाताचा आघात होऊन हे दुखणे उद्भवले किंवा बळावले का? उत्तर होकारार्थी असेल तर ते तसेच लिहून घ्यावे. त्याच्या जोडीला भरतीपूर्व तपासणीचा अहवाल ठेवावा. त्यात पाठ निरोगी लिहिली असेल आणि अपघातानंतर आठवड्याभरात तक्रार नोंदली असेल, तर वेळेचा हा क्रम नाविकाच्या बाजूने बोलतो.

मात्र भरतीच्या वेळी आजार जाणूनबुजून लपवला असेल, तर मालक जबाबदारीतून सुटू शकतो; सागरी श्रम करार त्याला तशी मुभा देतो. मधुमेह, रक्तदाब किंवा जुनी शस्त्रक्रिया नोकरी हातची जाईल या भीतीने लपवली जाते, आणि काही एजंटच तसा सल्ला देतात. तो सल्ला अपघाताच्या दिवशी नाविकाच्या अंगावर उलटतो, एजंटच्या नव्हे.

दावा कोणावर, कोठे आणि कधीपर्यंत

‘आम्ही फक्त एजंट आहोत’ हे भरती कंपनीचे ठरलेले उत्तर असते. त्याने खचून जाऊ नये. मागणीपत्र जहाजमालक, व्यवस्थापन कंपनी, परवानाधारक भरती कंपनी आणि हमी देणारी विमा संस्था या चौघांनाही पाठवावे. भरपाई कायद्यात नाविकाचा अपघात भारताबाहेर झाला असल्यास जहाजाचा मालक किंवा एजंट जेथे राहतो वा व्यवसाय करतो, तेथील नुकसानभरपाई आयुक्तांकडे दावा दाखल करता येतो. अर्जदार जेथे राहतो ते ठिकाणही विचारात घेता येते. येथे नवी मुंबईकरांची एक हमखास चूक होते. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे आणि उरण रायगड जिल्ह्यात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलेले असले तरी अधिकारक्षेत्र जिल्ह्याप्रमाणे ठरते, त्यामुळे अर्जात तालुका आणि जिल्हा स्पष्ट लिहावा, आणि नवीन संहितेखाली सक्षम प्राधिकारी कोण हे आधी विचारून घ्यावे.

भरपाई कायद्यातील दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. समाधानकारक कारण दिल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. करारभंगाच्या दाव्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात. तिसरा मार्ग कमी लोकांना माहीत आहे: २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्यानुसार, जो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे, जहाज चालवण्याशी थेट संबंधित इजेच्या दाव्यासाठी जहाजावर हक्क निर्माण होतो आणि ते जहाज न्हावा शेवा बंदरात आल्यास मुंबई उच्च न्यायालयाकडून, आणि अन्य भारतीय बंदरात आल्यास तेथे अधिकारक्षेत्र असलेल्या उच्च न्यायालयाकडून, ते अटकावून ठेवता येते. हा हक्क मात्र एका वर्षात संपतो, आणि त्यासाठी जहाज भारतीय पाण्यात यावे लागते. मोठी रक्कम आणि पळपुटा मालक असेल तरच या वाटेने जाणे परवडते.

आयुक्तांपुढे दावा आणि दिवाणी न्यायालयात त्याच इजेसाठी नुकसानीचा दावा, असे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. कोणता मार्ग धरायचा हे पहिल्या अर्जापूर्वीच वकिलाशी बोलून ठरवावे. करारातील रकमेची मागणी त्यात कशी बसवायची हाही त्याच चर्चेचा विषय.

न्यायालयाआधीच्या पायऱ्याही उपयोगी पडतात. कांजूरमार्ग येथील नौवहन महासंचालनालयाकडे भरती कंपनीविरुद्ध तक्रार करता येते, आणि परवाना हातात असलेली कंपनी अशा तक्रारीला सहसा उत्तर देते. परवानाच नसलेल्या एजंटने पाठवले असेल तर ही पायरी लंगडी पडते, म्हणून परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या यादीत आहे का, हे खरे तर जहाजावर जाण्यापूर्वीच पाहायचे असते. नाविक संघटनेचा सदस्य असल्यास संघटनेला पहिल्या आठवड्यातच कळवावे, कारण तिसऱ्या डॉक्टरांच्या निवडीत तिची भूमिका असते. तक्रार केली तर पुढे काळ्या यादीत टाकतील ही भीती खरी असते. अशा याद्या ठेवण्यास सागरी श्रम करारानेच मनाई केली आहे, आणि तशी धमकी लेखी मिळाल्यास तीही महासंचालनालयाकडे पाठवावी.

वकिलाच्या फीविषयी दोन शब्द. निकालाच्या रकमेतील टक्केवारी फी म्हणून ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे ‘तीस टक्के द्या, सगळे बघून घेतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अपंग व्यक्तीला मोफत विधी सहाय्य मिळू शकते. ठाण्यात त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

सही करण्याआधी

कंपनी बहुतेकदा तडजोडीची रक्कम देऊ करते आणि त्याबरोबर ‘पूर्ण व अंतिम’ असा शब्दप्रयोग असलेली पावती पुढे करते. तडजोड वाईट नसते. चार वर्षे तारखा मोजण्यापेक्षा योग्य रक्कम आज मिळणे अनेक कुटुंबांना हिताचे असते. पण ती रक्कम कोणत्या कलमाखाली, कोणत्या टक्केवारीने आणि कोणत्या दिवसाच्या विनिमय दराने काढली आहे, हे कागदावर लिहिलेले असल्याशिवाय सही करू नये. उपचाराचा खर्च आणि आजारपणातील वेतन ही अपंगत्वाच्या रकमेपेक्षा वेगळी देणी आहेत. ती त्याच आकड्यात गुंडाळली जात नाहीत ना, हे पाहावे. भरपाई कायद्यातील हक्क सोडून देणारा करार त्या प्रमाणात निरर्थक ठरतो, आणि एकरकमी तडजोडीचे ज्ञापन, म्हणजे लेखी टिपण, मालकाने आयुक्तांकडे नोंदवायचे असते. ते नोंदवले नाही तर पूर्ण भरपाईची जबाबदारी मालकावर राहते. म्हणून तडजोड करायचीच असेल तर ती नोंदवून घ्यावी. अंतरिम रक्कम स्वीकारताना पावतीवर ‘अन्य हक्क राखून’ असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे. ती रक्कम नंतर अंतिम रकमेतून वजा होते, हक्क मात्र शाबूत राहतो.

देय झालेली भरपाई मालकाने एका महिन्यात दिली नाही तर आयुक्त १२ टक्के व्याज लावतात, आणि उशिराला समर्थनीय कारण नसल्यास मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात. या दोन्ही मागण्या अर्जात पहिल्यापासूनच लिहाव्यात. निकाल विरुद्ध गेलेल्या मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचे असेल तर आदेशाची संपूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते. ती जमा झाल्याचे प्रमाणपत्र अपिलासोबत जोडले आहे की नाही, हे नाविकाच्या वकिलाने अपिलाच्या पहिल्याच तारखेला तपासावे.